व्हिसा आणि बाळंतपण एकाच वर्षी आलं तर: सोलापुरातून निघण्याआधीची तयारी

परदेशाचा व्हिसा आणि घरात पाळणा हलायची चाहूल एकदम लागली की आपल्याकडच्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग बाळंतपण कुठं?" आई म्हणते पहिलं माहेरीच, म्हणजे इथंच. सासूबाई म्हणतात मुलाजवळ. नवरा म्हणतो तिकडं सोयी चांगल्या आहेत. आणि जिच्या पोटात बाळ आहे ती रात्री दोन वाजता मोबाइलवर विम्याचे नियम वाचत बसलेली असते.

माझं पहिलं बाळंतपण इंग्लंडात, लीड्सला झालं. दुसरं इथं सोलापुरात, नवरा तिकडं असताना. दोन्ही वेळा मी चुका केल्या. आता सुट्टीत जुळे सोलापूर भागातल्या घरी आले की ओळखीतल्या एक-दोघी फाइल घेऊन येतातच. "काकू, व्हिसा आलाय आणि हे पण झालंय, आता काय करायचं?" त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर आकडे पुन्हा पाहा, कारण हे नियम वर्षा-दोन वर्षांनी बदलतात.

एक कॅलेंडर, तीन पेनं

भिंतीवरचं मोठं कॅलेंडर घ्या. लाल पेनानं शरीराच्या तारखा लिहा: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, तिथून १२, २०, २८, ३६ आणि ४० आठवडे. निळ्यानं व्हिसाच्या तारखा: मेडिकल, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो), व्हिसा कधी सुरू होतो, कुठल्या तारखेच्या आत तिथं पाऊल ठेवायचं. हिरव्यानं विम्याच्या तारखा: तिथला डॉक्टर आणि दवाखाना तुम्हाला कुठल्या दिवसापासून लागू होतो.

लाल आणि निळं सगळेच लिहितात. हिरवं राहून जातं, आणि पैसा तिथंच जातो.

ऑस्ट्रेलियाला विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर जाणाऱ्यांना जो खासगी आरोग्य विमा घ्यावा लागतो, त्यात बाळंतपणासाठी अनेकदा १२ महिन्यांची थांबण्याची मुदत असते. म्हणजे विमानात बसताना दिवस गेलेले असतील तर ते बाळंतपण विम्यात बसेलच असं नाही. कॅनडात प्रांताप्रांताचा नियम वेगळा. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना संपेपर्यंत आणि त्यापुढे आणखी दोन महिने सरकारी विमा सुरू होत नाही. जूनच्या १० तारखेला उतरलात तर १ सप्टेंबरपासून. ओंटारियोनं तीन महिन्यांची अट मार्च २०२० मध्ये काढली, पण वर्क परमिटवाल्याला तिथल्या मालकाकडं किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी दाखवावी लागते. ओंटारियोतली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. तिथं राहणाऱ्या बाईला सरकारी विमा नसला तरी मिडवाइफची (शिकलेल्या दाईची) सेवा फुकट मिळते. दवाखान्याचं बिल मात्र वेगळं लागतं.

ब्रिटनमध्ये अशी थांबण्याची मुदत नाही. सहा महिन्यांहून मोठ्या व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरायचा असतो, फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांच्या व्हिसाला ३,१०५ पौंड, तेही एकरकमी आणि बायकोचे वेगळे. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण त्यात पूर्ण बाळंतपण येतं, सिझेरियन झालं तरी. व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथं बाळंत झालात तर हे लागू नाही. दीडपट दरानं बिल येतं, आणि ५०० पौंडांवरचं बिल थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

जर्मनीत नवऱ्याची नोकरी सरकारी पद्धतीच्या विम्यात असेल आणि बायकोला स्वतःचं उत्पन्न नसेल, तर बायको आणि बाळ त्याच विम्यात जादा हप्त्याशिवाय बसतात. व्हिसासाठी घेतलेला प्रवास विमा वेगळा. त्याच्या भरवशावर बाळंतपणाचा बेत आखू नका. अमेरिकेत नवऱ्याच्या कंपनीचा विमा पहिल्या दिवसापासून आहे का, बायकोचं नाव त्यात कधी चढतं, आपला दवाखाना त्या विम्याच्या यादीत आहे का, या तिन्हींची लेखी उत्तरं हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

प्रवास विम्याबद्दल एकदाच सांगते: तो ट्रंक हरवल्यासाठी आणि पाय मोडल्यासाठी असतो. नॉर्मल डिलिव्हरी त्यात जवळजवळ कधीच नसते.

दिवस राहायच्या आधी निघणार असाल तर

तुम्ही नशीबवान. दोन-तीन महिने हातात असतील तर सगळं इथंच स्वस्तात उरकतं.

रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तगट आणि थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले तर ते आधी कळलेलं बरं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसं ठळक लिहून घ्या, कारण साधारण २८ व्या आठवड्याला त्यासाठी इंजेक्शन लागतं आणि तेव्हा तुम्ही परदेशात असाल. रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासा. लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि दिवस गेल्यावर ती लस देत नाहीत.

फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायचं असतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, बाराव्या आठवड्यापर्यंत. आपल्याकडं मेडिकलमध्ये सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात. तो जास्त डोस मधुमेहासारख्या खास कारणांसाठी असतो. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा. आणि दात. दातांचं काम इथंच करून जा, हे मी हात जोडून सांगते.

नोकरीचं गणितही आत्ताच मांडा. इथं नोकरी असेल तर आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. राजीनाम्याची घाई करण्याआधी हे बघा. ब्रिटनमध्ये मालकाकडून मिळणाऱ्या बाळंतपणाच्या पगारासाठी, बाळाच्या तारखेच्या पंधरा आठवडे आधीपर्यंत त्याच मालकाकडं सलग २६ आठवडे काम झालेलं लागतं. हिशेब करून पाहा, म्हणजे दिवस राहायच्या आधीपासून ती नोकरी हवी. कॅनडात आधीच्या वर्षात ६०० तासांचं विमापात्र काम लागतं. दिवस गेल्यावर नव्या देशात पोचलेल्या मुलीला पहिल्या खेपेला यातलं बहुतेक काही मिळत नाही, ते धरूनच पैसे बाजूला ठेवा.

मेडिकल आणि छातीचा एक्स-रे

मेडिकल त्या त्या देशानं मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते, म्हणून मुंबईची वारी धरून चाला. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी मुंबई. उलट्यांच्या दिवसांत मात्र एक रात्र तिथं मुक्काम ठेवा, त्याच दिवशी परतायचा हट्ट नको.

क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढतात. पोटात बाळ आहे हे तिथं पहिल्या वाक्यात सांगा. ब्रिटनसाठी पर्याय असतात: पोटावर शिशाचं जादा आवरण घालून एक्स-रे, थुंकीची तपासणी, किंवा बाळंतपणानंतर एक्स-रे. थुंकीच्या तपासणीला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तेव्हा निळ्या पेनाच्या तारखा सरकवाव्या लागतील. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या प्रक्रियेतही एक्स-रे बाळंतपणानंतर काढायची सोय आहे. पण तोवर फाइल थांबते.

कॅनडाच्या पीआरचा (कायम रहिवासाचा) अर्ज चालू असताना बाळ जन्मलं, तर ते कळवायलाच हवं, ते सोबत येणार नसलं तरी. "आधी आपण जाऊ, मग बाळाला बोलवू" म्हणून न कळवता पीआर घेतलेल्यांना पुढं त्याच बाळाला स्पॉन्सर करता येत नाही असा नियम आहे. त्यातून सुटायची वाट फार अरुंद आणि वकिलाच्या फीची आहे. एजंट काहीही सांगो, लपवू नका.

आता ठरवा: इथं की तिथं

माझं मत सरळ आहे. विमा पहिल्या दिवसापासून लागू असेल, राहायला जागा ठरली असेल आणि तब्येत धड असेल, तर १४ ते २७ आठवड्यांच्या मध्ये जा. उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून आवरतं, आणि तिथल्या दाया-डॉक्टरांना तुम्हाला ओळखायला वेळ मिळतो. २८ आठवडे उलटून गेले आणि हिरव्या पेनाची तारीख अजून लांब असेल, तर इथंच थांबा. नवऱ्याला पुढं जाऊन घर, पाळणा, विमा बघू दे.

जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, मागचं सिझेरियन असेल, तर हा निर्णय डॉक्टरांचा. घरच्यांनी मत मांडावं, मतदान घेऊ नये.

एका कारणावर मात्र निर्णय घेऊ नका: "तिकडं जन्मलं की तिकडचा पासपोर्ट." ब्रिटनमध्ये आई-वडिलांपैकी एक जण ब्रिटिश किंवा कायम रहिवासी असेल तरच बाळ जन्मानं ब्रिटिश. ऑस्ट्रेलियातही तसंच, एक जण नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. जर्मनीत एका पालकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क लागतो. ही मुदत जून २०२४ पर्यंत आठ वर्षांची होती. कॅनडात जन्मानं नागरिकत्व मिळतं. अमेरिकेतही मिळत आलंय, पण २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानं तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांचा प्रश्न कोर्टात नेला. आणि केवळ बाळंतपणासाठी अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा मागणं हे २०२० पासून व्हिसा नाकारायचं कारण धरलं जातं.

आणखी एक. नवरा ब्रिटनला साध्या मास्टर्सला चालला असेल, तर जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अशा बहुतेक कोर्सेसना बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. संशोधनाच्या पदवीला चालतं. फी भरून झाल्यावर हे कळलेली जोडपी मी पाहिली आहेत.

कागद, आणि त्यातलं तुमचं नाव

आपल्याकडं लग्नानंतर नाव बदलायची पद्धत म्हणजे परदेशी अधिकाऱ्याला कोडंच. पदवी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या, पासपोर्ट कधी याचा कधी त्याचा, आणि मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. माझा सल्ला: व्हिसाची प्रक्रिया चालू झाली की नाव बदलू नका. माहेरच्या नावानं सगळं असेल तर तसंच राहू द्या. बदलायचंच असेल तर पासपोर्टपासून सुरुवात करा आणि तिकीट, विमा, दवाखान्याची फाइल सगळीकडं पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न अक्षर. सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट केंद्र आहे, पुण्याला हेलपाटा नको.

विवाह नोंदणीचा दाखला हवाच. लग्नपत्रिका आणि मंगल कार्यालयाच्या पावतीला तिकडं कुणी विचारत नाही.

स्वतःचा जन्मदाखला उघडून बघा. आपल्या पिढीतल्या कित्येकींच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे, नाहीतर नुसतं "मुलगी" लिहिलंय. बारसं बाराव्या दिवशी झालं, नोंद आधीच झाली होती, आणि नंतर नाव घालायला महापालिकेत कुणी गेलंच नाही. जर्मनीत बाळाच्या जन्माची नोंद करताना आई-वडील दोघांचे जन्मदाखले मागतात, तेव्हा हे उघडं पडतं. नाव घालून घ्यायला हेलपाटे होतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

कागदांवर अपोस्टिल लागेल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का. आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जर्मनीसाठी मात्र भारताचं अपोस्टिल चालत नाही, त्यांची स्वतःची कागद पडताळणीची पद्धत आहे आणि तिला महिने लागू शकतात. भाषांतर त्यांच्याकडच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. सात रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा टायपिस्ट कितीही हुशार असला तरी.

डॉक्टरांकडून इंग्रजीत एका पानाचा सारांश मागा. त्यात शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीनं ठरलेली बाळाची तारीख, रक्तगट, आधीची बाळंतपणं किंवा गर्भपात, चालू औषधं ही ब्रँडच्या नावानं नव्हे तर मूळ औषधाच्या नावानं, आणि ॲलर्जी. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी इथं झाली असेल तर तिचा मूळ रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा.

एकक वेगळं असतं, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या साखरेचा रिपोर्ट ९० होता. मिडवाइफ कागदाकडं बघत राहिली, कारण तिकडं साखर ५ किंवा ६ अशा आकड्यात मोजतात. आपल्या आकड्याला १८ नं भागायचं, ९० चे झाले ५. हिमोग्लोबिन आपल्याकडं ११.२ लिहितात, तिकडं ११२. रिपोर्टवर एकक छापलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. आपल्या लोकांत गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण जास्त असल्यानं तिकडं साखरेची तपासणी हमखास करतात. इथं ती उपाशी नसतानाही ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात, तिकडं रात्रभर उपाशी ठेवून. "एकदा झालीय" म्हणून टाळू नका.

विमान

बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. पोटात एक बाळ असेल तर ३६ च्या आसपास आणि जुळं असेल तर ३२ च्या आसपास बसू देणं बंद करतात. प्रत्येकीचा नियम वेगळा, तिकिटाआधी वाचा. आणि मोजायचा तो घरून निघायचा नव्हे, शेवटच्या टप्प्याचा दिवस. मुंबईहून निघताना २७ आठवडे आणि मधे कुठं आठवडाभर थांबून पुढं निघताना २८, असं होतं.

मी ३० व्या आठवड्यात गेले. पत्र होतं, पण त्यावर "प्रवासास हरकत नाही" एवढंच. बाळाची तारीख नाही, किती आठवडे ते नाही, विमानाची तारीख नाही. काउंटरवर दोन तास उभं केलं. रात्री अकराला डॉक्टरीणबाईंना उठवलं, त्यांनी नवं पत्र पाठवलं, ते विमानतळावरच छापून घेतलं. तेव्हा पत्र नेमकं लिहून घ्या: किती आठवडे, बाळ एक की दोन, अपेक्षित तारीख, गुंतागुंत नाही, अमुक तारखेला प्रवास करण्यास योग्य, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. विमानाच्या आधीच्या आठवड्यातलं असावं.

आत बसल्यावर पट्टा पोटाखालून बांधा. दर तासाला उठून चाला, पाणी पीत राहा. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पायमोजे घालायचे का, ते डॉक्टरांना विचारा. सीट पॅसेजकडेची घ्या, खिडकीतून ढग पुढच्या वेळी बघू.

पोचल्यावर पंधरा दिवसांत

जेट लॅग उतरायची वाट बघू नका. ब्रिटनमध्ये राहत्या पत्त्यावरच्या जीपीकडं (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं) नाव नोंदवा आणि मिडवाइफची पहिली भेट मागा. ती खरं तर दहाव्या आठवड्याच्या आत व्हायची असते, उशिरा पोचलात तर फोनवर पहिल्यांदा आठवडेच सांगा. गरोदरपणात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं आणि दात फुकट, त्यासाठीचा दाखला मिडवाइफकडून मागून घ्या. इंग्रजीची भीती वाटत असेल तर मराठी दुभाषा मागा, तो मोफत असतो. नवऱ्याला दुभाषा करू नका. काही प्रश्न, म्हणजे घरात कुणी त्रास देतं का असले, मिडवाइफ तुम्हाला एकटीलाच विचारते, आणि त्याला कारण आहे. तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळ ठेवा.

जर्मनीत पहिल्याच भेटीत गरोदरपणाची वही मिळते, मुटरपास. ती कायम पर्समध्ये. दाई म्हणजे हेबामे लगेच शोधा, त्यांची टंचाई आहे. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळ-बाळंतीण बघते आणि पैसे विमा देतो. नोकरी असेल तर तारखेआधी सहा आणि नंतर आठ आठवडे कायद्यानं सुट्टी.

तिकडची रीत

सोलापुरात डॉक्टरीणबाईंचा नंबर मोबाइलमध्ये असतो, दर महिन्याला सोनोग्राफी होते, आणि शंका आली की मेसेज टाकला. इंग्लंडात सगळं ठीक असेल तर ठरलेल्या सोनोग्राफ्या दोनच, ११ ते १४ आणि १८ ते २१ आठवड्यांत. डॉक्टर दिसतच नाही. मिडवाइफच तपासते, मिडवाइफच बाळंत करते. मला वाटलं आपल्याला हलक्यात घेतायत. तसं नसतं. अडचण आली की डॉक्टर दोन मिनिटांत हजर होतात, अडचण नसेल तर येत नाहीत.

नवरा कळांच्या वेळी आत असतो. "मला रक्त बघवत नाही" ही सबब चालत नाही, तेव्हा त्याची तयारी आधीपासून करा. सुखरूप बाळंत झालेल्या बाईला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. आपल्याकडच्या तीन-चार दिवसांच्या हिशेबानं घरी काहीच तयार नव्हतं आमच्या. गाडीनं न्यायचं तर बाळाचं कारसीट आधी घेऊन, बसवून बघून ठेवा.

सोनोग्राफीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी विचारतात, "मुलगा की मुलगी, सांगू का?" आपल्याकडं १९९४ च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, आणि का आहे ते आपल्याला ठाऊक आहे. नको असेल तर नको म्हणा. हवं असेल तर गावाकडून फोनवर विचारणाऱ्या आत्याबाईंना काय सांगायचं, तेही दोघांनी मिळून आधी ठरवा. आम्ही विचारलं नाही.

आई येणार असेल तर

जर्मनीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा, ब्रिटनचा सहा महिन्यांपर्यंत. तारखेच्या दोन आठवडे आधी बोलवा, म्हणजे ९० दिवसांतही सव्वा महिना आरामात निघतो. कॅनडाला पीआर असलेल्यांच्या आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. आईचा विमा कुठल्याही देशाला जाताना घ्याच. साठीची बाई थंडीत घसरून पडली तर काय, हा विचार निघण्याआधी करायचा.

तूप, खवा, पनीर हे ब्रिटन आणि युरोपात प्रवाशाला नेता येत नाही. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा कोरडं न्या आणि लाडू तिथल्या तुपात वळा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक बी-दाणा फॉर्मवर जाहीर करा, लपवला तर दंड. खसखस आखाती देशांत आणि सिंगापूरला चालत नाही, प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. विमान दुबईमार्गे असेल तरी डिंकाच्या लाडवात ती नको. शेंगाचटणी न्या हवी तेवढी.

धुरीचं सांगते. आईनं तिसऱ्या दिवशी तव्यावर निखारा करून ओवा टाकला आणि अख्ख्या इमारतीचा अलार्म वाजला. डिसेंबरच्या थंडीत चार मजले लोक रस्त्यावर, त्यात मी दुलईत आणि बाळ माझ्या कुशीत. धुरी विसरा. बाळगुटीत मध नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असू शकतं. तेल लावून हलक्या हातानं मालिश खुशाल करा. बाळाला उताणं आणि वेगळ्या पाळण्यात झोपवा असं ते सांगतात, त्यामागं अर्भकांचे अचानक होणारे मृत्यू टाळायचा अभ्यास आहे, आईशी त्यावर वाद घालायची वेळ आली तरी घाला.

लीड्सला डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. आई परत गेल्यावर मी रोज त्या वेळेला रडायची, आणि ते दमल्यामुळं आहे असं समजायची. सहा ते आठ आठवड्यांत घरी येणारी हेल्थ व्हिजिटर (बाळ-बाळंतिणीची नर्स) मनाबद्दल प्रश्न विचारते. "सगळं छान आहे" असं म्हणू नका. मी दुसऱ्या भेटीत खरं सांगितलं आणि मदत मिळाली.

बाळाचे कागद, तिथं आणि इथं

इंग्लंडात जन्माची नोंद ४२ दिवसांत, जर्मनीत एका आठवड्यात. तेव्हा बारशाच्या आधीच नाव ठरवून ठेवा. स्पेलिंग कागदावर लिहून न्या. मुलीच्या नावात मधे वडिलांचं नाव कसं, हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावत बसावं लागतं.

बाळ त्या देशाचं नागरिक नसेल तर भारतीय वकिलातीत जन्माची नोंद वर्षाच्या आत करून पासपोर्ट घ्या. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळ तिकडचं नागरिक असेल आणि तिकडचा पासपोर्ट घेतलात, तर भारताचा मिळणार नाही, दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत. आजोळी यायला त्याला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा व्हिसा लागेल. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बाळाला आरोग्यसेवा तीन महिनेच तुमच्या अधिभारावर मिळते, त्याच्या आत त्याच्या व्हिसाचा अर्ज करा. अमेरिकेत कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव ३० दिवसांत घाला. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, ब्रिटनमध्ये सगळ्यांना देत नाहीत, आई-वडील भारतातले आहेत म्हणून मागून घ्या.

इथं बाळंतपण झालं तर जन्माची नोंद २१ दिवसांत, नावासकट, इंग्रजी स्पेलिंग आई-वडिलांच्या पासपोर्टशी जुळतं का ते बघून. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टला जन्मदाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही. पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. नवरा परदेशी असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा, आणि हे बाळ जन्मायच्या आधी त्याला सांगून ठेवा, कारण त्यालाही तिथं अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो.

फोटो मात्र तुमच्या धीराची परीक्षा. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात दिसायला नको. माझ्या दुसऱ्याचा फोटो स्टुडिओत तीनदा फसला. शेवटी घरीच पलंगावर पांढरी सोलापुरी चादर ताणून पसरली, खिडकी उघडली, आणि दूध पिऊन जागा असताना वरून मोबाइल धरला. एकविसाव्या फोटोत डोळे उघडे आले.